‘फामागुस्टा’ मागे का वळला नाही?

मागच्या अंकात एका उत्तराच्या ओघात सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल यांचा उल्लेख आला होता. १९७१ च्या युद्धात एकविसाव्या वर्षी धारातीर्थी पडलेला, मरणोत्तर परमवीर चक्र मिळालेला, पुण्यात जन्मलेला मुलगा, एवढंच मी लिहिलं होतं. त्यावर इतकी पत्रं आणि निरोप आले की या वेळचं सगळं सदर त्याच्यासाठी आणि त्याच्या ‘फामागुस्टा’ या रणगाड्यासाठीच ठेवलं आहे. मी त्याला ‘तो’ म्हणणार आहे. आयुष्यभर खडकीच्या शाळेत इतिहास शिकवला. माझे पहिले विद्यार्थी आज पन्नाशी ओलांडून गेले आणि हा मात्र एकवीस वर्षांचाच राहिला. मला त्याला ‘ते’ म्हणवत नाही.

प्रश्न : माझा मुलगा अकरावीत आहे. एनडीएचं, म्हणजे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचं, वेड घेतलंय. अभ्यासाच्या टेबलासमोर अरुण खेत्रपाल यांचा फोटो लावलाय. मला अभिमान वाटायला हवा, पण रात्री त्या फोटोकडे बघितलं की पोटात गोळा येतो. एकविसाव्या वर्षी गेलेल्या मुलाचा आदर्श माझ्या मुलाने का ठेवावा? तुम्ही शिक्षिका होतात. त्याला काही सांगाल का? — एक आई, कोथरूड

उत्तर : ताई, तुम्ही जे लिहिलंत ते पुष्कळ आयांच्या मनात असतं, पण ‘लोक काय म्हणतील’ म्हणून बोललं जात नाही. तुम्ही लिहिलंत, बरं केलंत.

फोटो काढायला सांगू नका. पण त्या फोटोतल्या मुलाबद्दल तुमच्या चिरंजीवाला किती माहिती आहे, ते एकदा विचारून बघा. तो गेला तो १६ डिसेंबर सगळ्यांना पाठ असतो. त्याआधीची एकवीस वर्षं फारसं कोणी वाचत नाही, आणि माझ्या मते तुमच्या प्रश्नाचं उत्तर तिथेच आहे.

अरुणचा जन्म १४ ऑक्टोबर १९५० चा. वडील मदनलाल खेत्रपाल सैन्याच्या इंजिनिअर्स कोअरमध्ये अधिकारी, पुढे ब्रिगेडियर झाले. घराणं मूळचं सरगोध्याकडचं; फाळणीत ते सगळं पलीकडे राहिलं. घरात सैन्याची नोकरी पिढ्यान्‌पिढ्यांची. लष्करी घरांचं बिऱ्हाड बदलीमागे फिरतं, तसंच यांचंही फिरलं. शाळा हिमाचलातली, सनावरची लॉरेन्स स्कूल. अभ्यासात चांगला, खेळात चांगला. जून १९६७ मध्ये तो खडकवासल्याला एनडीएत दाखल झाला. ३८ वा कोर्स, फॉक्सट्रॉट स्क्वॉड्रन, आणि शेवटी त्या स्क्वॉड्रनचा कॅडेट कॅप्टन. मग डेहराडूनची अकादमी आणि १३ जून १९७१ रोजी १७ पूना हॉर्स या रणगाड्यांच्या रेजिमेंटमध्ये सेकंड लेफ्टनंट. तिथून १६ डिसेंबरच्या, बसंतर नदीकाठच्या लढाईच्या सकाळपर्यंत सहा महिने आणि तीन दिवस. एवढीच त्याची नोकरी.

युद्धाची चिन्हं दिसू लागली तेव्हा तो आपल्या नगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला, आर्मर्ड कोअरच्या शाळेत नव्या अधिकाऱ्यांच्या कोर्सला होता. कोर्स अर्धवट राहिला, सगळ्यांना आपापल्या रेजिमेंटकडे पाठवलं. वाटेत तो दिल्लीला घरी थांबला. घरच्यांनी पुढे सांगितलेली त्या भेटीची एक आठवण आहे. सामान बांधताना त्याने गोल्फच्या काठ्या घेतल्या आणि मेसच्या जेवणाला घालायचा निळा गणवेशही घेतला. आईने विचारलं, हे कशाला? तर म्हणाला, लाहोरला गोल्फ खेळायचं आहे, आणि जिंकल्यावर मोठं जेवण होणारच, तेव्हा हा गणवेश लागेल.

ताई, ज्याला मरायचं असतं तो गोल्फच्या काठ्या बरोबर नेत नाही. तुमच्या मुलाला एवढंच सांगा. अरुण मरायला गेला नव्हता. जिंकायला, खेळायला, जेवायला आणि परत यायला गेला होता.

त्याच्या आईचं एक वाक्य भाषणांतून नेहमी ऐकवलं जातं : सिंहासारखा लढ, भित्र्यासारखा परत येऊ नकोस. टाळ्या पडतात. मला मात्र ते ऐकलं की त्या माउलीने मुलगा निघून गेल्यावर घराचं दार कसं लावून घेतलं असेल, तेच मनात येतं. सैनिकाची आई म्हणजे भीती नसलेली बाई, असं कुणी तुम्हाला सांगत असेल तर ऐकू नका. १६ डिसेंबरला दुपारी ढाक्यात पाकिस्तानी फौजेने शरणागती पत्करली, १७ तारखेला रात्री आठला पश्चिमेकडचीही लढाई थांबली. देश दिवाळी करत होता. खेत्रपालांच्या घरीही मुलगा आता येणार म्हणून वाट बघणं चालू होतं. तार आली ती त्यानंतर. आपला अरुण १६ तारखेलाच, युद्ध संपायला जेमतेम दीड दिवस उरला असताना गेला, हे त्यांना तेव्हा कळलं.

हे तुमच्यापासून लपवून काय करू? सैन्यातली बहुतेक मुलं पूर्ण नोकरी करून, पेन्शन घेऊन, नातवंडांना फिरवायला घरी येतात. माझ्या सोसायटीतच असे चारदोन आहेत. पण हमी कुणीच देऊ शकत नाही. म्हणून तुमची भीती खरी आहे आणि मुलाचं वेडही खरं आहे. ती दोन्ही एका घरात राहू शकतात. फक्त त्याला एकदा निवांत बसवून विचारा, की या माणसातलं तुला नेमकं काय आवडलं? ‘शहीद झाला ते’ असं उत्तर आलं, तर त्याच्याशी अजून पुष्कळ बोलायला हवं. पुढचं उत्तर त्यालाही वाचायला द्या.

प्रश्न : सरांनी सांगितलं की खेत्रपाल यांच्या रणगाड्याला आग लागली होती आणि त्यांना बाहेर यायचा हुकूम होता. त्यांनी ऐकलं नाही. आम्ही हुकूम मोडला तर एनसीसीत शिक्षा होते. मग त्यांना परमवीर चक्र कसं मिळालं? — इयत्ता नववी, हडपसर

उत्तर : बाळा, फार चांगला प्रश्न विचारलास. मोठी माणसं हा प्रश्न टाळतात. नीट वाच, थोडं मोठं उत्तर आहे.

नकाशा उघड. रावी आणि चिनाब या नद्यांच्या मध्ये पाकिस्तानचा एक भाग भारताच्या बाजूला फुगवटा आल्यासारखा पुढे आलेला दिसेल. हा शकरगडचा भाग. इथून पठाणकोट-जम्मू रस्ता जवळ. तो रस्ता तुटला तर जम्मू-काश्मीर तुटलं. म्हणून आपल्या फौजेने तिथे आधीच पुढे सरकायचं ठरवलं. मध्ये बसंतर नावाची रावीला मिळणारी छोटी नदी, आणि नदीच्या अलीकडे-पलीकडे पेरलेले सुरुंग.

१५ डिसेंबरच्या रात्री आपलं पायदळ नदीपार गेलं आणि पलीकडच्या काठावर त्यांनी पाय रोवले. त्यांच्या मागून रणगाडे जायचे होते, पण त्याआधी इंजिनिअर्सच्या जवानांनी सुरुंग काढून वाट मोकळी करायची होती. ते काम निम्म्यावर आलं तोवर पलीकडून शत्रूच्या रणगाड्यांची हालचाल कानावर येऊ लागली. पायदळाकडे रणगाडे अडवण्याइतकी ताकद नव्हती. मग पूना हॉर्सने, म्हणजे लेफ्टनंट कर्नल हणूत सिंग यांच्या रेजिमेंटने, सगळे सुरुंग निघायची वाट न बघता रणगाडे तसेच पुढे घातले. ती रात्र त्यांनी पार केली.

सकाळी, धुराच्या पडद्याआडून, पाकिस्तानच्या १३ लान्सर्सचे पॅटन रणगाडे जरपाल गावाजवळ चालून आले. त्यांची संख्या जास्त होती. आपल्या ‘बी’ स्क्वॉड्रनच्या, म्हणजे रेजिमेंटच्या एका गटाच्या, प्रमुखांनी वायरलेसवर मदत मागितली. अरुण ‘ए’ स्क्वॉड्रनमध्ये होता. ते बोलणं त्याने ऐकलं आणि आपली तुकडी घेऊन स्वतःहून निघाला.

पुढचं मी परमवीर चक्राच्या सन्मानपत्राच्या आधाराने सांगते, कारण तुझ्या प्रश्नाचं उत्तर त्याच कागदात आहे. वाटेत शत्रूची काही ठाणी अजून शाबूत होती, तिथून रणगाडाविरोधी तोफांचा मारा झाला. वेळ नव्हता. अरुणने रणगाडे सरळ त्या ठाण्यांवर घातले, पिस्तूल रोखून तोफेवरची माणसं पकडली. त्यात त्याच्या तुकडीतला एक रणगाडाप्रमुख मारला गेला. ‘बी’ स्क्वॉड्रनपर्यंत पोचला तेव्हा शत्रूचा पहिला हल्ला माघारी फिरत होता. हा त्यांच्या मागे धावला आणि एक रणगाडा उडवला. सन्मानपत्रात इथे असं म्हटलं आहे की, लढाईच्या जोशात तो वाहवत गेला. सरकारी कागदात असं लिहिलेलं आहे, बरं का. मला तो कागद याच कारणासाठी आवडतो. त्यांनी त्याला दगडाचा पुतळा केला नाही. एकवीस वर्षांचा मुलगा होता आणि तसाच धावला, हे झाकलं नाही.

मग शत्रू पुन्हा जमला आणि पूर्ण स्क्वॉड्रन घेऊन आला. नेमका जिथे अरुण आणि आणखी दोन रणगाडे होते, तिथेच. समोर एवढा लोंढा आणि आपले तीन. त्या झुंजीत शत्रूचे दहा रणगाडे निकामी झाले, त्यातले चार अरुणच्या नावावर आहेत. आणि त्याच्या ‘फामागुस्टा’ला गोळा लागला. सायप्रस बेटावरच्या बंदराचं हे नाव त्याच्या रणगाड्याला होतं. आग लागली, तो जबर जखमी झाला.

आता तो हुकूम. वायरलेसवरून त्याला सांगितलं गेलं की रणगाडा सोडून बाहेर ये. त्याने कळवलं, मी रणगाडा सोडणार नाही, माझी मुख्य तोफ अजून चालते आहे.

सन्मानपत्र इथे काय म्हणतं बघ. शत्रूची दाणादाण झाली होती, तरी तो अरुणच्या वाट्याच्या भागातून पुढे येतच होता. आपण रणगाडा सोडला तर शत्रू इथूनच आत घुसेल, हे त्याच्या ध्यानात आलं. म्हणून तो लढत राहिला आणि आणखी एक रणगाडा पाडला. मग फामागुस्टाला दुसरा गोळा लागला, आणि त्यात तो गेला.

आला ना फरक लक्षात? सकाळी जोशात धावणारा मुलगा आणि शेवटी जळत्या रणगाड्यात बसलेला मुलगा एकच आहे, पण शेवटी तो जोशात नव्हता. त्याने हिशेब केला होता. बाहेर येण्याचा हुकूम त्याचा जीव वाचावा म्हणून होता. समोरची जागा राखण्याचं काम त्याच्याकडेच होतं आणि ते काम अजून होऊ शकत होतं, कारण तोफ चालत होती. तोफ बंद पडली असती तर बाहेर येणं हेच शहाणपण ठरलं असतं. एनसीसीत रांग सोडून पळणं वेगळं आणि हे वेगळं. तू उद्या रांग मोडून खेत्रपालांचं नाव सांगितलंस, तर तुझे सर तुला मैदानाला फेऱ्या मारायला लावतील आणि मी त्यांच्या बाजूने असेन.

आणखी एक. फामागुस्टात अरुण एकटा नव्हता. सेंच्युरियन जातीच्या त्या पन्नासेक टनी रणगाड्यात चार माणसं असायची. चालक सवार प्रयाग सिंग, तोफ चालवणारे सवार नथू सिंग, आणि गोळे भरणारे व वायरलेस सांभाळणारे सवार नंद सिंग. नंद सिंगही त्या दिवशी गेले. माझा एक विद्यार्थी रणगाड्यांच्या रेजिमेंटमध्ये दफेदार होता. नगरच्या रणगाडा संग्रहालयात त्याने मला मे महिन्यात नेलं होतं. पोलादाला हात लावला तर चटका बसला. तो म्हणाला, बाई, आत चालक पुढे एकटा असतो, आणि वरच्या फिरत्या टरेटमध्ये उरलेले तिघं. स्वयंपाकाच्या ओट्याखाली तिघांनी अंग चोरून बसावं तेवढीच जागा. तोफ उडाली की तिचा मागचा भाग जोरात मागे येतो, तेव्हा कोपर कुठे ठेवायचं ते आधी शिकवतात. रिकामं पितळी काडतूस तापलेलं खाली पडतं, धूर डोळ्यांत जातो, कानावर पट्टा नसेल तर काही ऐकू येत नाही. आणि कमांडरला नीट बघायचं असेल तर झाकण उघडून डोकं बाहेर काढावं लागतं. त्याने मला झाकणाची कड दाखवली, घासून गुळगुळीत झालेली. त्या जागेत, आग लागलेली असताना, नथू सिंगांनी नेम धरला आणि नंद सिंगांनी गोळे भरले. चौघांनी मिळून केलेलं हे काम आहे. तुमच्या शाळेच्या फलकावर खेत्रपालांचं नाव लिहाल तेव्हा या तिघांचंही लिहा.

फामागुस्टा नंतर परत मिळवून दुरुस्त केला गेला आणि नगरलाच, अरुण जिथून कोर्स सोडून निघाला त्या आर्मर्ड कोअरच्या संस्थेत, जतन केला आहे.

प्रश्न : खेत्रपाल यांना पुणेकर म्हणावं का? आणि ‘पूना हॉर्स’ ही पुण्याच्या पोरांची रेजिमेंट आहे का? आमच्या कट्ट्यावर यावरून वाद झाला. — एक सेवानिवृत्त वाचक, खडकी

उत्तर : काका, आपण एकाच गावचे निघालो. माझे वडील खडकीच्या दारूगोळा कारखान्यात होते. १९७१ च्या डिसेंबरात ते घरी फक्त झोपायला यायचे, एवढं मला स्वच्छ आठवतं.

जन्म पुण्याचा आणि तीन वर्षं खडकवासल्याला, एवढं नातं पुरेसं आहे. घर पंजाबी, पण लष्करी पोरांना गाव विचारू नये. एनडीएच्या संचलनाच्या मैदानाला खेत्रपाल मैदान हेच नाव आहे; दर सहा महिन्यांनी तिथून बाहेर पडणारा प्रत्येक अधिकारी शेवटची पावलं त्याच्या नावाच्या जमिनीवर टाकून जातो. आणखी कोणता पुणेकरपणा हवा?

पूना हॉर्स मात्र आज पुण्याच्या पोरांची नाही. तिच्यात मुख्यतः राजपूत आणि जाट जवान असतात. नाव १८१७ पासूनचं. दुसऱ्या बाजीरावाबरोबर त्या वर्षी झालेल्या पुण्याच्या तहानंतर इंग्रजांनी इथे जे घोडदळ उभं केलं, त्याची ही परंपरा. १ जानेवारी १८१८ च्या कोरेगावच्या लढाईचा सन्मानही याच रेजिमेंटच्या नावावर आहे. घोडे जाऊन रणगाडे आले, नाव तेच राहिलं.

कट्ट्यावर सांगायला आणखी दोन गोष्टी देते. १९६५ च्या युद्धात याच रेजिमेंटचे प्रमुख लेफ्टनंट कर्नल अर्देशीर तारापोर यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं. ते पुण्यात, सरदार दस्तूर शाळेच्या वसतिगृहात राहून शिकले. ते पडले १६ सप्टेंबर १९६५ ला, चविंडाच्या लढाईत, सियालकोटच्या बाजूला. सहा वर्षांनी त्याच रेजिमेंटमध्ये दुसरं परमवीर चक्र अरुणचं. नवीन आलेल्या पोराने मेसमध्ये तारापोर साहेबांची तसबीर बघितली नसेल, असं मला वाटत नाही.

दुसरी गोष्ट. बसंतरच्या लढाईत १६ स्वतंत्र चिलखती ब्रिगेडचं नेतृत्व एका मराठी माणसाकडे होतं : ब्रिगेडियर अरुणकुमार वैद्य. अलिबागचे. १९६५ मध्ये एक महावीर चक्र, १९७१ मध्ये दुसरं, पुढे लष्करप्रमुख. निवृत्तीनंतर आपल्या पुण्यात राहायला आले आणि १० ऑगस्ट १९८६ ला इथेच अतिरेक्यांनी त्यांची हत्या केली. भवानी पेठेतल्या स्टेडियमला ज्यांचं नाव आहे ते हेच वैद्य. आपल्यातले कितीतरी लोक तिथे मुलांना खेळायला सोडतात आणि बसंतरचं नाव त्यांना ठाऊक नसतं, याचं मला वाईट वाटतं.

प्रश्न : परमवीर चक्राचं पदक एका मराठी बाईंनी घडवलं असं वाचलं. खरं का? — सातारा

उत्तर : खरं. सावित्रीबाई खानोलकर. जन्माने युरोपातल्या, स्वित्झर्लंडच्या. विक्रम खानोलकर या मराठी लष्करी अधिकाऱ्याशी लग्न करून इथल्याच होऊन गेल्या. पदकावर इंद्राच्या वज्राच्या चार आकृती आहेत, म्हणजे दधीची ऋषींनी आपल्या अस्थी दिल्या ती कथा. पहिलं परमवीर चक्र मेजर सोमनाथ शर्मांना मिळालं, आणि ते सावित्रीबाईंच्या मुलीचे दीर. आजवर एकवीस जणांना हे पदक मिळालं, त्यातली चौदा मरणोत्तर.

प्रश्न : अरुण खेत्रपाल यांचे वडील नंतर पाकिस्तानात गेले होते आणि त्यांच्या मुलाला मारणाऱ्या अधिकाऱ्याकडेच राहिले होते, ही गोष्ट कितपत खरी? — औंध

उत्तर : खरी आहे. २००१ मध्ये ब्रिगेडियर खेत्रपाल ८१ वर्षांचे होते. आपलं मूळ गाव, सरगोधा, मरण्यापूर्वी एकदा बघावं ही त्यांची इच्छा. लाहोरला त्यांची व्यवस्था ब्रिगेडियर ख्वाजा मोहम्मद नासेर यांच्या घरी झाली. घरच्या मंडळींनी आदरातिथ्यात काही कमी ठेवलं नाही, आणि इतका जिव्हाळा कशासाठी हे पाहुण्यांना उमगत नव्हतं. परतायच्या आदल्या रात्री नासेर यांनी सांगितलं, की बसंतरच्या लढाईत समोरच्या बाजूला मी होतो. तुमचा मुलगा माझ्या हातून गेला. तो डोंगरासारखा आमच्या आड उभा राहिला, असंही ते म्हणाले.

या प्रसंगावर लोक लगेच क्षमा, मैत्री, सीमा असं मोठं मोठं बोलू लागतात. मी बोलणार नाही. मला त्यात दोन लष्करी माणसं दिसतात. एकाने तीस वर्षं मनात ठेवलेली गोष्ट, समोरच्याला बिनसांगता जाऊ देणं त्याला शक्य झालं नाही. दुसरा बाप होता आणि स्वतः सैनिकही होता. आपल्या मुलाने कसं काम केलं हे समोरून बघितलेला एकमेव माणूस त्याला भेटला होता. त्या रात्री ब्रिगेडियर खेत्रपालांना झोप लागली असेल का, हे मी कुणाला विचारू शकत नाही. दोघांनी नंतर एकत्र फोटो काढून घेतला, आणि पुढेही त्यांचा संपर्क राहिला.

औंधच्या वाचकांनी पुढे लिहिलं आहे, की माझा मुलगा असता तर मी तिथे जेवलो नसतो. तुमचं तुम्हाला, साहेब. खेत्रपालांना त्या घरी जेवून झाल्यावर कळलं होतं, आणि तरी त्यांनी यजमानाचा मान ठेवला.

प्रश्न : मी दहावीत आहे. तुमचा लेख वाचून आईला म्हटलं, मलाही एनडीएच्या खेत्रपाल मैदानावर चालायचंय. आई म्हणाली, ते मुलांचं. तसं आहे का? — एक मुलगी, वानवडी

उत्तर : तसं होतं. आता नाही. आईला सांग, सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२१ मध्ये मुलींना एनडीएची परीक्षा देऊ द्या असा आदेश दिला, २०२२ मध्ये मुलींची पहिली तुकडी खडकवासल्याला आली, आणि ३० मे २०२५ रोजी १४८ व्या कोर्सबरोबर सतरा मुली त्याच खेत्रपाल मैदानावरून संचलन करत बाहेर पडल्या. ती सकाळ टीव्हीवर बघताना मला माझ्या वर्गातल्या किती मुली आठवल्या म्हणून सांगू! हुशार, काटक, एनसीसीत पहिल्या आलेल्या. त्यांना मी ‘तुमच्यासाठी तिथे दार नाही’ असंच सांगत आले, कारण तेव्हा नव्हतंच.

आता कामाचं लिहून घे. परीक्षा यूपीएससी घेते, वर्षातून दोनदा. वय साधारण साडेसोळा ते साडेएकोणीस, आणि अविवाहित. बारावीला असतानाही अर्ज भरता येतो. फक्त लष्कर हवं असेल तर बारावीची कुठलीही शाखा चालते. नौदल किंवा हवाई दल हवं असेल तर भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित लागतंच, तेव्हा अकरावीला शाखा घेताना विचार कर. लेखी परीक्षा नऊशे गुणांची : गणित तीनशे, बाकी इंग्रजी आणि सामान्यज्ञान सहाशे. त्यानंतर एसएसबीची, म्हणजे सैन्याच्या निवड मंडळाची, मुलाखत, तीही नऊशेची, पाच दिवस चालते. तिथे पाठांतर उपयोगी पडत नाही. गटात इतरांबरोबर तू कशी वागतेस, अडचणीत डोकं शांत राहतं का, हे बघतात.

निवड झाली तर तीन वर्षं खडकवासला आणि मग एक वर्ष आपापल्या दलाच्या अकादमीत. महाराष्ट्र शासनाने नाशिकला मुलींसाठी अकरावी-बारावीबरोबर ही तयारी करून घेणारी संस्था सुरू केली आहे. तिची प्रवेश परीक्षा दहावीतच असते, तेव्हा जाहिरातीवर आत्तापासून लक्ष ठेव. मुलांसाठी अशीच संस्था छत्रपती संभाजीनगरला बऱ्याच वर्षांपासून आहे; कोथरूडच्या ताईंनीही हे टिपून ठेवावं.

गणित कच्चं असेल तर या सुट्टीतच हात घाल. रोज सकाळी धावायला लाग, वानवडीत जागेची कमी नाही. आणि अर्ज भरण्याआधी डोळे आणि दात एकदा चांगल्या डॉक्टरांकडून तपासून घे. वैद्यकीय तपासणीत ऐनवेळी अडलेली मुलं मी बघितली आहेत, आणि त्यातली बरीच वेळेवर इलाज केला असता तर अडली नसती.